आधी गॅसची वही, मग कार्बनची पकड

माझं बालपण लालबागच्या गॅस कंपनी लेनजवळच्या चाळीत गेलं. वडील गॅस कंपनीत फिटर होते. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवरचे दिवे पहिल्यांदा ज्या गॅसवर पेटले, तो बंद भांड्यात कोळसा तापवून काढलेला गॅस होता. वडील त्याच्याच पाइपांची देखभाल करत. पुढे वीजेटीआयमधून बाहेर पडून मी एका पोलाद कारखान्याच्या ऊर्जा विभागात लागले. कोळसा भाजून कोक करणाऱ्या भट्टीच्या, म्हणजे कोक ओव्हनच्या, गॅसच्या विश्लेषणाचा पहिला कागद हातात आला, तो मी घरी नेऊन वडिलांना दाखवला. निम्म्याहून जास्त हायड्रोजन, पाव भाग मिथेन, थोडा कार्बन मोनॉक्साइड. त्यांनी चष्मा लावून आकडे वाचले आणि म्हणाले, "अगं, हा तर आपलाच गॅस."

तेव्हापासून निवृत्तीपर्यंत मी गॅसचंच काम केलं. आता मुलुंडला राहते. शनिवारी दुपारी नव्याने रुजू झालेले तीन-चार इंजिनिअर घरी येतात आणि हल्ली त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, आमच्याकडे कार्बन कॅप्चर बसवायचं चाललंय. सुरुवात कुठून करू?" कार्बन कॅप्चर म्हणजे कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्याआधीच पकडणं. त्यांना जे सांगते तेच इथे नीट मांडते. तुमच्याकडे ब्लास्ट फर्नेस, म्हणजे कोक जाळून खनिजापासून लोखंड वितळवणारी उंच भट्टी, आहे असं धरून चालते. विजेवर वितळवणाऱ्या इंडक्शन फर्नेसवाल्यांसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे.

गॅसची वही

यंत्र विकायला आलेल्या कोणाशीही बोलण्याआधी एक जाड वही घ्या आणि कारखान्यातले तीन गॅस त्यात उतरवा.

पहिला ब्लास्ट फर्नेसचा. हा सगळ्यात जास्त आणि सगळ्यात हलक्या दर्जाचा. एक टन हॉट मेटलमागे, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या वितळलेल्या लोखंडामागे, साधारण १,६०० नॉर्मल घनमीटर (शून्य अंश आणि हवेच्या नेहमीच्या दाबाला मोजलेले) निघतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड २३ टक्के, कार्बन डायऑक्साइड २२ टक्के, हायड्रोजन ४ टक्के धरा. उरलेला अर्धा नुसता नायट्रोजन. घनमीटरमागे उष्णता जेमतेम ८०० किलोकॅलरी. दुसरा कोक ओव्हनचा, ४,२०० किलोकॅलरीच्या आसपास. तिसरा कन्व्हर्टरचा, म्हणजे लोखंडात ऑक्सिजन फुंकून पोलाद करणाऱ्या भांड्याचा, ज्याला आपण एलडी गॅस म्हणतो. यात कार्बन मोनॉक्साइड ६० टक्क्यांच्या पुढे असतो, पण हा गॅस सतत मिळत नाही. ऑक्सिजनचा ब्लो पंधरा-अठरा मिनिटांचा, त्यातही मधलाच काळ गॅस चांगला. सुरुवातीचा आणि शेवटचा गॅस फ्लेअरला, म्हणजे उघड्यावर जळायला, जातो. गॅस साठवायची टाकी, म्हणजे होल्डर, नसेल तर सगळाच जातो.

आता कार्बनचा ताळा करा. माझ्या वहीतलं उदाहरण देते. एक टन हॉट मेटलला कोक ३८० किलो, त्यात कार्बन ८५ टक्के, म्हणजे ३२३ किलो. ट्युयरमधून, म्हणजे भट्टीच्या खालच्या भागातल्या फुंकणीतून, आत फुंकलेली कोळशाची भुकटी १५० किलो, त्यात कार्बन ७५ टक्के, म्हणजे ११२ किलो. एकूण ४३५. यातले साधारण ४५ किलो हॉट मेटलमध्येच विरघळून राहतात. उरले ३९०. ते गॅसमधून बाहेर पडायलाच हवेत.

दुसऱ्या बाजूने मोजा. १,६०० घनमीटरमध्ये दोन्ही कार्बनवाले वायू मिळून ४५ टक्के, म्हणजे ७२० घनमीटर. घनमीटरमागे ०.५३६ किलो कार्बन. उत्तर ३८६ किलो. ३९० आणि ३८६, ताळा जमला. त्यात धुळीतला आणि चुनखडीतला कार्बनही धरला की आकडे आणखी चोख होतील.

हा ताळा मी इतका का घोकून घेते, त्याला कारण आहे. मी ज्या कारखान्यात होते तिथे एकदा पकड-मनोऱ्याचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड धरणाऱ्या उंच पात्राचा, आकार ठरवायचं काम आलं. प्रयोगशाळेचा अहवाल सांगत होता, कार्बन डायऑक्साइड १७ टक्के. त्यावरून मनोरा, पंप, सगळ्याची मापं निघाली. मी कार्बनचा हिशोब मांडला तर जवळजवळ पाव भाग कार्बन गायब. चार दिवस वहीत शोधत बसले. पाचव्या दिवशी नमुना घ्यायच्या जागी स्वतः गेले, तर रबरी नळी क्लिपपाशी चिरलेली आणि तिथून हवा आत ओढली जात होती. अहवालात ऑक्सिजन पाच टक्के लिहिलेला होता. तो आकडा आमच्यातल्या कोणीही वाचला नव्हता. ब्लास्ट फर्नेसच्या गॅसमध्ये ऑक्सिजन जवळपास शून्य असतो. तो दिसला तर आधी नळी बदला, बाकी सगळं नंतर.

तो नमुना आम्ही ऑर्सटच्या काचेच्या उपकरणात तपासायचो. पहिल्या बाटलीत पोटॅशचं पाणी. गॅस त्यातून नेला की कार्बन डायऑक्साइड तिथे अडकतो आणि जितकं आकारमान घटलं तितकी त्याची टक्केवारी. कार्बनची पकड म्हणजे हीच बाटली, इमारतीएवढी. फरक इतकाच की पोटॅशने धरलेला वायू सहजी परत सुटत नाही आणि आपल्याला तर रोज तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरायचं असतं. म्हणून अमाइन, तापवलं की धरलेला वायू परत सोडणारं रसायन.

अमाइनचा मनोरा आणि त्याची भूक

मोनोइथॅनॉलअमाइनचं साधारण ३० टक्क्यांचं पाणी मनोऱ्यात वरून सोडायचं, गॅस खालून. ४० अंशांच्या आसपास ते कार्बन डायऑक्साइड धरतं. मग ते दुसऱ्या मनोऱ्यात ११०-१२० अंशांपर्यंत तापवायचं, तिथे वायू सुटतो आणि अमाइन परत पहिल्या मनोऱ्याकडे जातं. धरणं स्वस्त, सोडवणं महाग. एक टन कार्बन डायऑक्साइड सोडवायला साडेतीन ते चार गिगाज्यूल उष्णता लागते. वाफेच्या भाषेत दीड टनाहून जास्त. नवी द्रावणं यापेक्षा कमी मागतात, पण मागतातच.

इथे माझा सगळ्यात मोठा आग्रह आहे. १०० टन पकडायचे ठरवले, तर ३६० गिगाज्यूल वाफ लागेल. ती वाफ कोळशाच्या बॉयलरमधून काढलीत तर बॉयलरच्या धुराड्यातून सुमारे ४० टन कार्बन डायऑक्साइड नव्याने बाहेर पडेल. पंखे, पंप आणि कॉम्प्रेसर मिळून १२,००० युनिट वीज धरा. आपल्या ग्रिडच्या विजेमागे हजार युनिटला ०.७ टन, म्हणजे आणखी ८ टन. पाटीवर १०० टन लिहिलं तरी खरे वाचले ५२. ही वजाबाकी दाखवल्याशिवाय कोणताही प्रस्ताव वर पाठवू नका, वरिष्ठ कितीही घाई करोत.

म्हणून पकड बसवण्याआधी वाया जाणारी उष्णता शोधत कारखाना पायी फिरा. एक आठवडा द्या. सिंटर कूलरवरची गरम हवा, कन्व्हर्टरच्या हूडची वाफ, हॉट स्टोव्हचा धूर, आणि सगळ्यात मोठा ऐवज म्हणजे कोक. ओव्हनमधून हजार अंशांचा लालभडक कोक बाहेर पडतो आणि पुष्कळ ठिकाणी त्यावर पाणी ओतून विझवतात. पांढऱ्या ढगातून सगळी उष्णता आकाशात. त्याऐवजी बंद खोलीत नायट्रोजन फिरवून तोच कोक २०० अंशांपर्यंत थंड केला, तर एक टन कोकमागे साधारण अर्धा टन वाफ मिळते. ही वाफ चढ्या दाबाची असते, ती थेट अमाइनला देऊ नका. आधी टर्बाइनमधून नेऊन वीज काढा. तीन-चार बारला उतरली की मग मनोऱ्याला द्या. दोन्ही कामं होतात.

तरी आकडा बघा. टन हॉट मेटलमागे ३८० किलो कोक, म्हणजे १९० किलो वाफ. त्याच टनामागच्या गॅसमध्ये आधीच असलेला कार्बन डायऑक्साइड ६९१ किलो. तो सगळा सोडवायला ११०० किलोच्या वर वाफ लागेल. कोकची वाफ त्यातला सहावा हिस्सा भागवते. तेव्हा पहिला मनोरा सहाव्या हिश्शाचाच बांधा. वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालणारा लहान मनोरा मला कोळशावर चालणाऱ्या मोठ्या मनोऱ्यापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. जमशेदपूरला सप्टेंबर २०२१ मध्ये टाटा स्टीलने ब्लास्ट फर्नेसच्या गॅसवर जो संच सुरू केला, तो दिवसाला पाच टनांचा होता. लहान आहे म्हणून नाक मुरडणारे मला भेटले. मला मात्र ती शिकायची योग्य रीत वाटली.

फर्नेसच्या माथ्यावरचा दाबही मोफत आहे. तो झडपेवर गर्जना करत फुकट घालवण्याऐवजी टॉप रिकव्हरी टर्बाइनमधून उतरवला, तर टन हॉट मेटलमागे ३० ते ५० युनिट वीज मिळते, त्यासाठी एक किलोही कोळसा जास्त जळत नाही. अमाइन कमी दाबालाही काम करतं, म्हणून आधी टर्बाइन आणि मग मनोरा, हा क्रम माझ्या मते बरोबर.

जाळण्याआधी पकडा

बहुतेकांची नजर पॉवर हाऊसच्या धुराड्याकडे जाते. तिथे गॅस जळून गेलेला असतो, हवेतला नायट्रोजन मिसळून त्याचं आकारमान वाढलेलं असतं आणि उरलेला ऑक्सिजन अमाइनला हळूहळू नासवतो. मी जाळण्याआधी पकडायला सांगते, पण त्यात एक गोम आहे. ६९१ किलो जरी सगळे पकडले, तरी ३६८ घनमीटर कार्बन मोनॉक्साइड तसाच राहतो आणि पुढे बॉयलरमध्ये जळून ७२३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. निम्म्याहून जास्त कार्बन हातून निसटला.

त्यावरचा उपाय म्हणजे वॉटर-गॅस शिफ्ट. कार्बन मोनॉक्साइडला वाफेबरोबर उत्प्रेरकावरून न्यायचं. वाफेतला ऑक्सिजन कार्बनकडे जातो, हायड्रोजन मोकळा होतो. आता सगळा कार्बन डायऑक्साइडच्या रूपात एका जागी आला. तो काढून घेतला की उरतो हायड्रोजन आणि नायट्रोजन. हा जाळला तर धुराड्यातून फक्त नायट्रोजन आणि पाण्याची वाफ.

हिशोब करून पाहा. १०० घनमीटर गॅसमध्ये २३ कार्बन मोनॉक्साइड आणि ४ हायड्रोजन होता. शिफ्टनंतर हायड्रोजन २७ आणि नायट्रोजन ५१. मिश्रणात हायड्रोजन ३५ टक्क्यांच्या जवळ. एकूण उष्णतेतला आठवा भाग शिफ्टमध्येच गरमीच्या रूपाने बाहेर पडतो, तो वाफ करायला वापरा. टन हॉट मेटलमागे ३९ किलो हायड्रोजन हाती लागतो. लालबागच्या पाइपांतून वडील जो हायड्रोजन घरोघर पोचवायचे, तोच आपण फर्नेसच्या डोक्यावरून उतरवून घेतो आहोत, या विचाराने मला आजही भरून येतं.

करताना काळजी घ्यायची ती धुळीची आणि गंधकाची. तांब्याचा उत्प्रेरक गंधकाने मरतो. लोह-क्रोमियमचा साडेतीनशे ते साडेचारशे अंशांत चालतो आणि थोडा गंधक सोसतो. कोबाल्ट-मॉलिब्डेनमचा तर गंधक असला तरच नीट चालतो. म्हणून गॅसमधला गंधक वर्षभर मोजा, एका दिवसाच्या नमुन्यावर उत्प्रेरक निवडू नका. पावसाळ्यात इथली कोळशाची रास भिजते आणि आकडे हलतात. स्वीडनमध्ये लुलेओला दिवसाला १४ टन कार्बन डायऑक्साइड पकडणारा प्रायोगिक संच चालवला गेला. त्यात शिफ्ट आणि पकड एकाच पात्रात होती. घन शोषक कार्बन डायऑक्साइड जागीच ओढून घेतो, म्हणून शिफ्टही जास्त पूर्ण होते. ही वाट मला सगळ्यात आशेची वाटते.

तुमच्याकडे नैसर्गिक वायूवरचा स्पंज आयर्नचा (खनिज न वितळवता केलेल्या सच्छिद्र लोखंडाचा) संच असेल, तर सुरुवात तिथून करा. काही पद्धतींत गॅस फिरवून परत वापरायचा म्हणून त्यातला कार्बन डायऑक्साइड काढावाच लागतो. तो आधीच वेगळा झालेला आहे, फक्त हवेत सोडायचा नाही. अबुधाबीच्या पोलाद कारखान्यात २०१६ पासून वर्षाला ८ लाख टनांपर्यंत वायू असाच घेऊन तेलक्षेत्रात जमिनीखाली घालतात. आपल्या रायगडात साळावलाही स्पंज आयर्नच्या गॅसमधून दिवसाला १०० टन क्षमतेची पकड आहे आणि तो वायू शीतपेयांसारख्या कामाला जातो.

पकडला, पण ठेवायचा कुठे?

दारुखान्यातले वेल्डर कार्बन डायऑक्साइडची सिलिंडरं वापरतात, सोडावाले घेतात, कोरडा बर्फ करणारे घेतात. चेंबूरचा खत कारखाना युरियासाठी घेईल असं प्रत्येक जण म्हणतो. खत कारखान्यांना तो स्वतःच्या अमोनिया संचातूनच मिळतो, त्यामुळे गिऱ्हाईक गृहीत धरू नका, लेखी मागणी घ्या. शिवाय सोड्यात घातलेला वायू बाटली उघडली की हवेत जातो. त्याला साठवण म्हणता येत नाही.

प्रमाणही ध्यानात घ्या. वर्षाला ५० लाख टन हॉट मेटल करणाऱ्या कारखान्यात एकट्या ब्लास्ट फर्नेस गॅसमधून दिवसाला १९ हजार टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड होतो. वीस टनांचे साडेनऊशेहून जास्त टँकर, रोज. पळस्पे फाट्यावरून इतके टँकर कुठे जाणार?

कायमची जागा मला दोन ठिकाणी दिसते. एक कारखान्यातच आहे, कन्व्हर्टरचा स्लॅग, म्हणजे पोलादापासून वेगळी झालेली मळी. त्यात चुन्याचं प्रमाण मोठं. मोकळा चुना ओल लागून फुगतो, म्हणून हा स्लॅग रस्त्याला वापरायला लोक कचरतात. दमट स्लॅगमधून कार्बन डायऑक्साइड फिरवला की त्या चुन्याची चुनखडी होते, फुगणंही थांबतं. पिंपभर स्लॅग घेऊन हा प्रयोग तुम्ही पुढच्याच महिन्यात करू शकता. आधी आणि नंतर वजन करा.

दुसरी जागा आपल्या पायाखाली आहे, बेसॉल्ट. आइसलँडमध्ये २०१२ साली पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड बेसॉल्टमध्ये सोडला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांच्या आत त्यातला ९५ टक्क्यांहून जास्त दगड होऊन बसला. मुंबईचा काळा पत्थर त्याच जातीचा. तरी प्रत्येक थराची सच्छिद्रता आणि पाणी तपासल्याशिवाय इथे एक बोअरही मारू नये. पवईच्या आयआयटीत २०२२ पासून कार्बन पकड आणि वापराचं राष्ट्रीय केंद्र आहे. आपले आकडे घेऊन तिथे जा. वही भरलेली असेल तर बोलणं पुढे जातं.

गॅस लाइनवर एकटं जायचं नाही

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. एकदा गॅसची लाइन पाण्याने बंद ठेवणाऱ्या वॉटर सीलपाशी पाण्याची पातळी बघायला गेलेला ठेकेदाराचा माणूस बोलता बोलता खाली बसला. शिडीच्या पायथ्याशी दुसरा उभा होता. त्याने आरडाओरडा केला आणि श्वासयंत्र लावलेल्यांनी वरच्या माणसाला उतरवलं म्हणून तो वाचला. वाचवायला जाणारा उघड्या नाकाने गेला असता तर दोघे गेले असते.

मीटर खिशात नको, छातीशी लावलेला हवा. पकडीचा संच आला की दुसरा धोका येतो. कार्बन डायऑक्साइड हवेहून जड. तो कॉम्प्रेसरच्या खोलीत, केबलच्या चरात, तळघरात साचतो. ऑक्सिजनचा मीटर पुरेसा नाही, त्याचा स्वतःचा मीटर जमिनीलगत बसवा आणि ५,००० पीपीएमच्या (हवेत अर्धा टक्का) आधीच घंटा वाजेल असा लावा. अमाइनची वाफ डोळ्यांना झोंबते, त्यासाठी डोळे धुण्याची जागा मनोऱ्यापासून दहा पावलांत हवी.

तळोजा, वाडा, जालन्याच्या भट्ट्यांसाठी

तुमच्याकडे भंगार आणि स्पंज आयर्नवर चालणारी इंडक्शन फर्नेस असेल, तर मनोऱ्याचा नाद सोडा. तुमचा बहुतेक कार्बन विजेच्या बिलात आणि कोळशावर बनवलेल्या स्पंज आयर्नमध्ये आहे. सौर-पवन विजेचा करार करा आणि भंगाराचं प्रमाण वाढवा. कळंबोलीच्या लोखंड बाजारातले व्यापारी आता सळईबरोबर कार्बनचा आकडाही विचारू लागले आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने ठरवलेल्या व्याख्येप्रमाणे टनामागे २.२ टनांहून कमी उत्सर्जन असेल तरच पोलाद हरित, आणि पाच तारे हवे असतील तर १.६ टनांच्या खाली. युरोपात जाणाऱ्या पोलादावर १ जानेवारी २०२६ पासून कार्बनचा भारही लागू झाला आहे.

रोजचा कागद

संच सुरू झाल्यावर रोज सकाळी सहाला एकच पान भरायचं. पकडलेला वायू, टनांत. त्यासाठी दिलेली वाफ, आणि ती कुठून आली तेही: कोकची, कन्व्हर्टरची की बॉयलरची. वीज, युनिटमध्ये. शिफ्टमधून मिळालेला हायड्रोजन आणि तो जाळल्यामुळे वाचलेला कोळसा. अमाइन किती भरावं लागलं. पकडलेल्यातला किती विकला, किती स्लॅगमध्ये गेला, किती हवेत सोडला. आणि शेवटच्या रकान्यात वजाबाकी करून उरलेला खरा आकडा, लाल शाईने. पहिल्या महिन्यात तो उणे आला तरी तोच लिहा, खाली सही करा आणि वाफेचा मीटर तपासायला खाली उतरा.